बोलून काय होणार?

आमच्या श्रोत्यांपैकी पुष्कळांना ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट आठवत असेल. आदल्या दिवशी गणपतीचे विसर्जन झाले होते. लातूर व उस्मानाबाद (आताचा धाराशिव) या जिल्ह्यांतील माणसे दमूनभागून झोपी गेली होती. चार वाजावयास चार मिनिटे कमी असताना किल्लारीच्या परिसरात जमीन हादरली, आणि दगडमातीच्या भिंती व त्यांवरची जड माळवदे झोपलेल्या माणसांवर कोसळली. अधिकृत मोजणीप्रमाणे जवळजवळ आठ हजार माणसे दगावली. ५२ गावे नव्या जागी वसवावी लागली.

पडलेली घरे मोजली गेली, गेलेली माणसे मोजली गेली, आणि ते योग्यच झाले. परंतु जी माणसे वाचली त्यांच्या मनात काय पडले याची मोजदाद पंचनाम्यात कशी होणार? भूकंपातून वाचलेल्या माणसांना पुढे कित्येक महिने छताखाली झोपावयाची भीती वाटते. रस्त्याने मालमोटार गेली की ती दचकून उठतात. घर नवे मिळते. त्या घरात निर्धास्त झोप मात्र मिळत नाही. अशा माणसाला जर आपण म्हटले की, ‘बाबा रे, एखाद्या जाणकाराशी याविषयी बोल,’ तर तो बहुधा एकच प्रश्न विचारील: ‘बोलून काय होणार? गेलेले परत येणार आहे काय?’

हा प्रश्न रास्त आहे. तो केवळ खेड्यातला माणूस विचारतो असे नाही. या सभागृहात बसणारे सुशिक्षितही विचारतात. त्याचे उत्तर देण्याचा प्रयत्न आम्ही येथे करणार आहोत.

प्रथम आघात म्हणजे काय ते पाहू. प्रत्येक दुःख म्हणजे आघात नव्हे. परीक्षेत अपयश आले, बदली झाली, भावाभावांत वाटणीवरून तंटा झाला, ही दुःखे खरी. पण शास्त्रात आघात हा शब्द प्राणांवर बेतलेल्या, शरीराची विटंबना करणाऱ्या, किंवा असे काही डोळ्यांदेखत घडलेल्या प्रसंगाला राखून ठेवलेला आहे. भूकंप, दंगल, अपघात, बलात्कार, घरात होणारी मारहाण, लहानपणी जवळच्याच माणसाकडून झालेला अत्याचार ही त्याची उदाहरणे होत. यांतली पहिली दोनतीन गावाला दिसतात. शेवटची दोनतीन चार भिंतींच्या आत घडतात आणि तेथेच दाबली जातात. म्हणून ती अधिक खोल रुततात.

अशा प्रसंगानंतर झोप उडणे, दचकणे, तेच दृश्य वारंवार डोळ्यांपुढे येणे, जेवणावरची वासना जाणे हे सर्व स्वाभाविक आहे. त्याला रोग म्हणण्याची घाई करू नये. बहुसंख्य माणसे आप्तांच्या आधाराने आणि रोजच्या कामाच्या ओघात काही आठवड्यांत सावरतात. परंतु काहींची आठवण मुरत नाही. आपण साध्या आठवणींवर टपालखात्यासारखा तारखेचा शिक्का मारतो: हे अमुक साली घडले, संपले. आघाताच्या आठवणीवर हा शिक्का नीट बसत नाही. ती आठवली जात नाही, पुन्हा घडते. वास आला, आवाज झाला, की छाती धडधडू लागते, घाम फुटतो, आणि शरीर आजच्या दिवशी त्या दिवसासारखे वागते. मग माणूस त्या वासापासून, त्या रस्त्यापासून, त्या नावापासून दूर पळू लागतो. एक महिना उलटूनही हे चालू राहिले व त्याने कामधंदा, झोप, संसार यांत व्यत्यय आणला, तर त्याला आघातोत्तर तणावाचा विकार म्हणतात. अमेरिकेतील मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने १९८० साली आपल्या रोगनिदानाच्या यादीत त्याला हे स्वतंत्र नाव दिले.

नाव नवे असले तरी दुखणे जुने आहे. पहिल्या महायुद्धात खंदकातून परत येणारे शिपाई थरथरत, कोणाची वाचा जाई, कोणाचे पाय चालत नसत, आणि अंगावर जखम तर दिसत नसे. चार्ल्स मायर्स या ब्रिटिश डॉक्टराने १९१५ साली अशा रोग्यांविषयी लिहिताना ‘शेल शॉक’ हा शब्द छापला आणि तो सर्वतोमुखी झाला. सेनापतींना मात्र तो भित्रेपणा वाटे. पळून जाणे, भेकडपणा अशा आरोपांवरून त्या युद्धात तीनशेहून अधिक शिपायांना ब्रिटिश सैन्याने गोळ्या घातल्या. त्यांतले काही तरी याच दुखण्याने पछाडलेले होते, हे पुढे मान्य झाले आणि २००६ साली ब्रिटिश संसदेने त्या ३०६ जणांना मरणोत्तर माफी दिली. मनाच्या दुखण्याला चारित्र्याचा दोष समजण्याची चूक किती महाग पडते, याचे यापेक्षा कडू उदाहरण आम्हांला ठाऊक नाही.

त्याच काळात एडिंबरोजवळच्या क्रेगलॉकहार्ट येथील लष्करी रुग्णालयात डब्ल्यू. एच. आर. रिव्हर्स नावाचे डॉक्टर काम करीत होते. तेथे आलेल्या अधिकाऱ्यांना आप्तेष्टांनी व वैद्यांनी एकच सल्ला दिलेला असे: विसरून जा, दुसरा विचार करा. ते बिचारे दिवसभर विसरण्याचा यत्न करीत आणि रात्री स्वप्नात तेच पाहत. रिव्हर्सने उलट मार्ग धरला. जे आठवते त्याकडे पाहा, ते सांगा, पण दिवसरात्र त्यातच बुडून राहू नका, असे तो म्हणे. हा अनुभव त्याने १९१८ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय पत्रात मांडला. आजच्या उपचाराचे बीज त्यात आहे.

त्याच्याही आधी, १८८० ते १८८२ या काळात, व्हिएन्नात योसेफ ब्रॉयर या डॉक्टराकडे एक तरुण मुलगी उपचार घेत होती. आपली लक्षणे कशी सुरू झाली हे सांगत गेले की ती काही काळ उतरतात, असे तिच्याच ध्यानात आले आणि या पद्धतीला ‘बोलण्याचा उपचार’ हे नाव तिनेच दिले. तिची हकीकत ब्रॉयर व फ्रॉइड यांनी १८९५ साली प्रसिद्ध केली. प्रामाणिकपणे हेही सांगितले पाहिजे की त्या उपचाराने ती पुरती बरी झाली नाही. पुढे काही काळ तिला आरोग्यधामात राहावे लागले. तीच बर्था पापेनहाइम नंतर जर्मनीतील एक थोर समाजसेविका झाली. म्हणजे नुसते बोलणे पुरत नाही. कोणाशी, कसे आणि कोणत्या क्रमाने बोलावयाचे, याचे शास्त्र बनावयास पुढे शंभर वर्षे लागली.

हे शास्त्र प्रत्यक्षात कसे चालते? एक कल्पित उदाहरण घेऊ. समजा, तालुक्याच्या गावी बँकेत काम करणारे एक गृहस्थ आहेत. धाकट्या भावाला मोटारसायकलवर मागे बसवून ते लग्नाहून परत येत होते. घाटात समोरून आलेल्या ट्रकने धडक दिली. भाऊ जागच्या जागी गेला; हे वाचले. या गोष्टीला दीड वर्ष झाले. गृहस्थ कामावर जातात, परंतु घाटाचा रस्ता टाळून तीन तासांच्या वळशाने प्रवास करतात. लग्नाची पत्रिका आली की काही तरी निमित्त काढतात. भावाच्या खोलीला कुलूप आहे. पोरांवर विनाकारण खेकसतात, आणि झोप यावी म्हणून रात्री थोडी दारू घेऊ लागले आहेत. आई म्हणते, ‘देवाची मर्जी.’ मित्र म्हणतात, ‘झाले गेले विसरा.’ त्यांच्या मनात मात्र एकच वाक्य फिरते: ‘तो मुक्कामाला राहतो म्हणत होता. मीच चल म्हटले.’

असे गृहस्थ मानसोपचारकाकडे गेले, तर पहिल्या दिवशीच कोणी त्यांना अपघाताचे वर्णन करावयास लावणार नाही. प्रथम झोप, दारू, जिवाचे बरेवाईट करण्याचा विचार यांची चौकशी होते. मग त्यांना जे होते आहे त्याचे नाव व कारण समजावून सांगितले जाते. ‘मला वेड लागत नाही’ एवढे कळल्यानेच पुष्कळांच्या छातीवरचा दगड हलतो. त्यानंतर टाळण्याचा हिशोब मांडला जातो. घाट टाळला की त्या दिवसापुरते बरे वाटते, हे खरे. पण प्रत्येक टाळण्यातून मन एकच धडा शिकते: ‘टाळले म्हणून वाचलो.’ अशाने भीतीला दररोज खतपाणी मिळते.

मग कामाला आरंभ होतो. गृहस्थ त्या दिवसाची हकीकत लग्नाच्या मांडवापासून इस्पितळाच्या दारापर्यंत क्रमाने सांगतात. एकदा नव्हे, अनेक बैठकींत. पहिल्या वेळी आवाज फुटत नाही. चौथ्या-पाचव्या वेळी रडू येते, पण हकीकत पुरी होते. आणखी काही वेळांनी तीच हकीकत भूतकाळात बसू लागते. तिच्यावर तारखेचा शिक्का उमटतो. त्याबरोबर बाहेरही पायरीपायरीने चढावयाचे असते: आधी चौकात उभे राहून ट्रकचे भोंगे ऐकणे, मग उभ्या मोटारसायकलवर बसणे, मग गावात मागे बसून फिरणे, आणि पुढे केव्हा तरी दिवसाउजेडी, सोबतीला कोणी घेऊन, तो घाट.

राहिले ते वाक्य: ‘मीच चल म्हटले.’ मित्र येथे चटकन म्हणतो, ‘तुझा काही दोष नाही,’ आणि गृहस्थ मान हलवून गप्प बसतात. उपचारक तसे म्हणत नाही. तो विचारतो, ‘तुम्ही चल का म्हणालात?’ उत्तर येते, ‘दुसऱ्या दिवशी त्याला कामावर हजर व्हावयाचे होते.’ ‘त्या वेळी तुम्हांला काय ठाऊक होते, आणि काय ठाऊक नव्हते?’ या प्रश्नावर गृहस्थ कदाचित पुष्कळ वेळ थांबतील. ट्रक येणार हे ज्ञान त्यांना आज आहे, त्या संध्याकाळी नव्हते. भावाच्या नोकरीची काळजी करणारा माणूस आणि भावाला मारणारा माणूस, या दोघांना ते दीड वर्ष एकच समजत आले होते. ही गाठ त्यांना स्वतःच्या हाताने सोडवावी लागते. दुसऱ्याने सोडवून दिली तर ती घरी पोचेपर्यंत पुन्हा बसते.

आठवड्याला एक याप्रमाणे साधारण आठ ते पंधरा बैठकींत हे काम चालते. पेनसिल्व्हेनियातील एड्ना फोआ यांनी आठवणीला व टाळलेल्या गोष्टींना सामोरे जाण्याची पद्धत बसवली. पॅट्रिशिया रेसिक यांनी अशा अडकलेल्या समजुती तपासण्याची बारा बैठकींची पद्धत बसवली. आमच्या उदाहरणात आम्ही दोन्हींची सरमिसळ केली आहे. दोन्ही पद्धती अनेकदा काटेकोर परीक्षेला लावून पाहिल्या गेल्या आहेत आणि उपयोगी ठरल्या आहेत. उपचार संपला म्हणजे दुःख संपले असे मात्र नव्हे. भाऊ गेला तो गेलाच. फरक इतकाच की दीड वर्ष घाबरण्यात गेल्यामुळे ज्या भावासाठी नीट रडताही आले नव्हते, त्याच्यासाठी आता रडता येते. खोलीचे कुलूप निघते. आमच्या मते ‘बोलून काय होणार?’ या प्रश्नाचे उत्तर येथे आहे.

सगळेच दुखणे आघाताचे नसते, आणि सगळे उपचारही एका साच्याचे नसतात. सततची चिंता, उदासी, संसारातील कोंडी यांसाठीही मानसोपचार आहेत. कार्ल रॉजर्स यांनी १९४२ साली समुपदेशनावर ग्रंथ लिहिला आणि पुढे असे प्रतिपादन केले की समोरच्याचे दुःख त्याच्या जागी उभे राहून समजणे, त्याला विनाअट आदराने वागवणे आणि स्वतः ढोंग न करणे, या तीन गोष्टींवर माणूस उभारी धरतो. अल्बर्ट एलिस यांनी १९५० नंतरच्या दशकात आणि एरन बेक यांनी त्यापुढच्या दशकात, आपल्या दुःखामागे आपलेच अविवेकी किंवा एकांगी विचार कसे दडलेले असतात ते दाखवून ते बदलण्याचे तंत्र दिले. एलिस यांचा विवेकनिष्ठ मानसोपचार मराठी वाचकांना कि. मो. फडके यांच्या लेखनामुळे परिचित आहे. गोळ्यांचेही स्थान आहे. तीव्र नैराश्यात त्या आवश्यक ठरतात आणि आघातोत्तर विकारातही काही औषधे उपयोगी पडतात. मात्र शेजाऱ्याने सुचवलेली झोपेची गोळी हा आघाताचा उपचार नाही; तिची सवय जडते आणि मूळ दुखणे तसेच राहते.

‘हे पाश्चात्त्यांचे खूळ आहे, आमच्याकडे घरची माणसे असतात,’ असा एक आक्षेप नेहमी येतो. घरच्या माणसांचे मोल आम्ही कमी लेखीत नाही. परंतु जो घाव घरातच झाला आहे तो घरात कसा सांगणार? शिवाय ऐकणाऱ्या आईला आपले ऐकून काय होईल, या काळजीने मुलगा निम्मे गिळतो. बाहेरच्या माणसापुढे ही काळजी करावी लागत नाही. आणि परकेपणाचेच म्हणाल, तर रणांगणावर हातपाय गळालेल्या अर्जुनाशी श्रीकृष्ण अठरा अध्याय बोलला आणि शेवटी, याचा पुरता विचार करून तुला इच्छा होईल तसे कर, असे सांगून निर्णय त्याच्यावर सोपवला. आपल्याकडे समर्थांनी तर मनाला उद्देशून दोनशेहून अधिक श्लोक रचले. मनाशी बोलण्याची विद्या या भूमीला परकी नाही; तिचे शास्त्रशुद्ध शिक्षण तेवढे नवे आहे.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: इतके तज्ज्ञ आणावयाचे कोठून? २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य पाहणीत असे दिसले की देशातील सुमारे १०.६ टक्के प्रौढांना त्या वेळी काही ना काही मानसिक विकार होता, आणि विकारागणिक ७० ते ९२ टक्के रुग्णांपर्यंत उपचार पोचत नव्हता. यावर आमच्या शेजारच्या गोव्याने एक वाट दाखवली आहे. तेथील ‘संगत’ ही संस्था १९९६ साली स्थापन झाली. तिच्या कार्यकर्त्यांनी, मानसशास्त्राची पदवी नसलेल्या सामान्य स्त्रीपुरुषांना शिकवून तयार केले आणि त्यांना प्राथमिक आरोग्य केंद्रांत बसवले. तीव्र नैराश्याच्या रुग्णांशी त्यांनी सहा ते आठ बैठकी केल्या. २०१७ साली ‘लॅन्सेट’मध्ये या प्रयोगाचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. तीन महिन्यांनी या गटातले ६४ टक्के लोक नैराश्यातून बाहेर आले होते. ज्यांना केवळ नेहमीची सेवा मिळाली त्यांच्यात हे प्रमाण ३९ टक्के होते. योग्य शिक्षण आणि वरून देखरेख असेल तर नीट ऐकण्याचे काम पुष्कळांना शिकवता येते, हा त्याचा अर्थ.

आता व्यवहाराच्या गोष्टी. मनोविकारतज्ज्ञ हा वैद्यकीय पदवीधर असतो. औषध तोच लिहून देऊ शकतो. चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञ औषध देत नाही. तो तपासण्या व मानसोपचार करतो, आणि भारतीय पुनर्वास परिषदेत त्याची नोंदणी असावी लागते. समुपदेशक हे नाव मात्र आपल्याकडे फार सैल वापरले जाते. म्हणून ‘आपले शिक्षण काय? आघाताचे रुग्ण आपण पाहता काय? कोणत्या पद्धतीने व साधारण किती बैठकी? शुल्क किती?’ हे प्रश्न विचारण्यात संकोच करू नये. चांगला उपचारक त्यांनी रागावत नाही. पहिल्या दोनतीन बैठकींनंतर किंचित अधिक अस्वस्थ वाटणे शक्य आहे. परंतु विश्वासच बसत नसेल, तर दुसऱ्याकडे जावे. त्यात अपमान कोणाचाच नाही. जो उपचारक आपल्या रुग्णाशी पैशाचे किंवा शरीराचे संबंध जोडू पाहतो, त्याच्याकडून तत्काळ निघावे.

‘आमचे बोलणे बाहेर फुटले तर?’ ही भीती लहान गावात मोठी असते. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने गुप्ततेचा हक्क दिला आहे. कोणाच्या जिवाला धोका असणे किंवा कोर्टाचा आदेश असणे, असे मोजकेच अपवाद त्याला आहेत. याच कायद्याने सरकारी उपचाराचा हक्क दिला आणि विमा कंपन्यांना मानसिक आजार शारीरिक आजाराप्रमाणेच धरावयास सांगितले. आत्महत्येचा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असे गृहीत धरावे, त्याला शिक्षा करू नये, असेही त्याने ठरवले. पैशाची अडचण असेल तर जिल्हा रुग्णालयात चौकशी करावी. ‘टेली मानस’ ही सरकारी दूरध्वनी सेवा ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे. १४४१६ या क्रमांकावर दिवसा-रात्री केव्हाही, मराठीतही, विनाशुल्क बोलता येते.

शेवटी, जे स्वतः दुखावलेले नाहीत पण दुखावलेल्याच्या जवळ बसलेले आहेत, त्यांच्यासाठी दोन शब्द. आपत्तीनंतर लगेच माणसाला धरून बसवून ‘सगळे सांगून मोकळा हो’ असा आग्रह करू नये. अशी एका बैठकीची सक्तीची कथनपद्धती पूर्वी रूढ होती. तिने पुढचे दुखणे टळत नाही, कधी वाढतेही, असे अभ्यासांती ठरले आहे. पाणी, पांघरूण, सुरक्षित जागा, नातेवाइकांचा पत्ता ही पहिली मदत. तो बोलला तर ऐकावे, गप्प राहिला तर जवळ बसावे. ‘लोकांचे याहून वाईट झाले’ असे म्हणू नये. एखाद्या स्त्रीने अत्याचार सांगितला तर ‘तू तेथे गेलीसच का?’ हा प्रश्न विचारू नये. तो एक प्रश्न पुढची दहा वर्षे तिचे तोंड बंद करतो. आणि कोणाच्या मनात जीव देण्याचा विचार आहे अशी शंका आली, तर सरळ, शांतपणे विचारावे. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरतो हा समज खोटा आहे. विचारल्याने बहुधा त्याला पहिल्यांदाच कळते की हे बोलता येते. मग त्याला एकटे सोडू नये आणि त्याच दिवशी डॉक्टरकडे न्यावे.

दात दुखला तर दंतवैद्याकडे जाताना कोणी तोंड लपवीत नाही. गाल सुजलेला असतो, तो चारचौघांत मिरवीतच जातो. मनाची सूज दिसत नाही, एवढाच फरक आहे. ती ज्याला आहे त्याने दार ठोठवावे, आणि ज्यांना नाही त्यांनी त्याच्याबरोबर त्या दारापर्यंत चालत जावे. प्रतीक्षाकक्षात शेजारी बसण्यासाठी कोणत्याही शास्त्राचे शिक्षण लागत नाही.